उमेदवाराची सुरक्षा आणि आरोग्य विम्याचं धोरण: टाउन हॉल घ्यावेत की नकोत?

निशिगंध
टेक्सासमधल्या एका उपनगरी डिस्ट्रिक्टमध्ये अमेरिकन प्रतिनिधीगृहासाठी उभ्या असलेल्या एका नव्या उमेदवाराला माझा पाठिंबा आहे. नाव मुद्दाम देत नाही, धागा व्यक्तीवर जायला नको. प्रायमरी (पक्षांतर्गत निवडणूक) जिंकली आहे, आता नोव्हेंबरची मुख्य निवडणूक. तिचा मुख्य विषय आरोग्य विमा.

काळज्या दोन आहेत. पहिली, सुरक्षेची. मिनेसोटात जून २०२५ मध्ये डेमोक्रॅटिक आमदार मेलिसा हॉर्टमन यांची घरात शिरून हत्या झाली, सप्टेंबरमध्ये युटाच्या विद्यापीठात उजव्या बाजूचे कार्यकर्ते चार्ली कर्कना भर सभेत गोळी घातली. पक्ष कुठलाही असो, उघड्यावर उभं राहून बोलणाऱ्याला धोका आहे. आरोग्य हा विषयही असा की माणसं आधीच पेटलेली असतात. माझ्या मते प्रत्यक्ष टाउन हॉल (मतदारांशी खुल्या प्रश्नोत्तरांच्या सभा) बंद करून सगळं झूमवर न्यावं.

दुसरी धोरणाची. पत्रकाच्या पहिल्या पानावर 'सर्वांसाठी मेडिकेअर' (मेडिकेअर म्हणजे आजचा ६५ च्या पुढच्यांचा सरकारी विमा) आहे आणि तिसऱ्या पानावर 'पब्लिक ऑप्शन'. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना? की मलाच कळत नाहीये?

जाणकारांनी लिहावं. पक्षीय धुणी इथे धुवू नयेत, ही विनंती.

चिमटा
रुमाल टाकून ठेवतो. 'पक्षीय धुणी नकोत' हे वाक्य असलेल्या धाग्यांवरच सगळ्यात जास्त साबण लागतो.

तळटीप
आधी कोणाचं संरक्षण कोणाकडे, ते बघू. यात फार गल्लत होते.

सीक्रेट सर्व्हिस फक्त राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षपदाच्या 'प्रमुख' उमेदवारांना मिळते. १९६८ च्या जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची हत्या झाल्यावर हे सुरू झालं. 'प्रमुख' कोण, ते होमलँड सिक्युरिटीचे सचिव ठरवतात. त्याआधी काँग्रेसच्या (अमेरिकन संसदेच्या) एका सल्लागार समितीशी चर्चा करतात. त्यात दोन्ही सभागृहांचे वरिष्ठ नेते आणि त्यांनी निवडलेला आणखी एक सदस्य असतो. जोडीदारांना संरक्षण मिळतं ते निवडणुकीच्या आधीच्या १२० दिवसांत. ओबामांना मे २००७ मध्येच मिळालं होतं, म्हणजे मतदानाच्या दीड वर्ष आधी. तोवर कुठल्याही उमेदवाराला इतक्या लवकर मिळालं नव्हतं.

निवडून आलेल्या खासदारांसाठी संसदेचे कॅपिटल पोलीस असतात. पण चोवीस तास सोबत राहणारं पथक फक्त नेतृत्वातल्यांना. २०१७ मध्ये व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या बेसबॉल मैदानावर गोळीबार झाला तेव्हा खासदार स्टीव्ह स्कलीज तिथे होते. ते नेतृत्वात, म्हणून पथक हजर होतं आणि त्यांनी उलट गोळीबार केला. नाहीतर त्या मैदानात बाकी कोणाजवळच काही नव्हतं.

आव्हान देणाऱ्या उमेदवाराला यातलं काहीच नाही. तिचं संरक्षण म्हणजे तिची मोहीम, स्थानिक पोलीस आणि मोहिमेच्या खात्यातले पैसे.

वडाची_साल
म्हणजे हरली तर काही नाही आणि जिंकली तरी फारसं नाही. छान आहे.

सह्यकडा
निशिगंध, सुरक्षेची काळजी रास्त आहे, पण झूमचा निष्कर्ष मला पटत नाही.

विषय आरोग्य विम्याचा आहे म्हणून ऑगस्ट २००९ आठवून बघा. ओबामांचा आरोग्य विम्याचा कायदा काँग्रेसमध्ये होता आणि खासदार सुट्टीत आपापल्या मतदारसंघांत टाउन हॉल घेत होते. आरडाओरडा झाला, काहींनी सभा रद्द केल्या, काहींनी फोनवर नेल्या. पोर्ट्समथमध्ये ओबामांच्या सभेबाहेर एक जण मांडीला पिस्तूल लावून उभा होता. फीनिक्समध्ये तर डझनभर माणसं उघड शस्त्रं घेऊन फिरत होती, एकाकडे एआर-१५ रायफल. स्थानिक कायद्यात ते बसत होतं आणि जागा सुरक्षा घेऱ्याच्या बाहेरची, म्हणून कोणाला अडवता आलं नाही.

ज्या खासदारांनी त्या महिन्यात सभा घेतल्या नाहीत, त्यांच्या मतदारांपर्यंत कायद्याची माहिती पोहोचली ती 'डेथ पॅनल'वाल्या आवृत्तीत, म्हणजे कोणी जगायचं ते सरकारी समिती ठरवणार या अफवेत. प्रत्यक्षात कलम होतं ते वृद्ध रुग्णाने अखेरच्या काळातल्या उपचारांबद्दल डॉक्टरशी सल्लामसलत केली तर मेडिकेअरने त्याचे पैसे द्यावेत, एवढंच. ते शेवटी गाळावं लागलं. समोरासमोर बसून दहा मिनिटांत समजावता आलं असतं अशी ही गोष्ट. झूमवर प्रश्न निवडून घेतले जातात, आणि निवडून घेतलेत हे समोरच्याला कळतंच.

निशिगंध
सह्यकडा, ॲरिझोनाच्या खासदार गॅबी गिफर्ड्सचं काय? त्याही लोकांना प्रत्यक्षच भेटत होत्या, तेव्हाच त्यांना गोळी घातली.

सह्यकडा
हो, आणि म्हणूनच त्यांचं उदाहरण नीट बघायला हवं. मार्च २०१० मध्ये आरोग्य कायद्यावर मतदान झाल्यावर त्यांच्या टुसॉनच्या कार्यालयाचं काचेचं दार फोडलं गेलं. म्हणजे इशारा मिळाला होता. ८ जानेवारी २०११ ला सुपरमार्केटबाहेर, मोकळ्या जागेत टेबल मांडून त्या लोकांना भेटत होत्या. आत शिरायचा एकच रस्ता असं काही नव्हतंच, तपासणी नाही, पोलीस नाही. सहा जण गेले. लोकांना भेटणं हा दोष नव्हता, ती मांडणी होती. भिंती, दार आणि रांग असलेल्या खोलीत तीच भेट वेगळी होते.

दुर्बीण
मांडणीचा विषय निघालाच आहे तर खोलात लिहितो. डिस्ट्रिक्ट टेक्सासमध्ये आहे म्हणून पहिला प्रश्न हॉल कोणाच्या मालकीचा, हा.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. खाजगी जागेचा मालक पाटी लावून मनाई करू शकतो. दंडसंहितेच्या कलम ३०.०५ ची पाटी विनापरवाना बाळगणाऱ्यांसाठी, ३०.०६ ची परवानाधारकाने लपवून बाळगलेल्या पिस्तुलासाठी, ३०.०७ ची उघड बाळगलेल्यासाठी. तिन्ही लागतात. ३०.०६ आणि ३०.०७ मधला मजकूर कायद्यातलाच, शब्दश:, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, किमान एक इंच उंचीची अक्षरं, पार्श्वभूमीपेक्षा उठून दिसणारा रंग. घरच्या प्रिंटरवर छापलेलं 'नो गन्स' कोर्टात टिकत नाही.

आता खरी गोम. जागा सरकारी मालकीची असेल, म्हणजे शहराचं कम्युनिटी सेंटर, काउंटीचा हॉल, आणि कायद्याने मुळातच शस्त्रबंदी असलेल्या यादीत नसेल, तर ३०.०६ ची पाटी परवानाधारकाला लागूच होत नाही. स्वस्त म्हणून मोहिमा नेमके हेच हॉल घेतात आणि वर पाटी लावून निश्चिंत होतात. भाड्याने घेतलेल्या सरकारी जागेत भाडेकरूचा अधिकार किती, यावर वाद आहेत. तिथे वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. चर्चचा हॉल, युनियनचा हॉल, हॉटेलची बँक्वेट रूम जास्त सोयीची. मालकाची लेखी संमती आधी घ्या, पाटी त्यांच्याच नावाने लागते.

माजघर
दुर्बीण, हे सोनं आहे. आता आतली मांडणीही लिहा की.

दुर्बीण
लिहितो, पण हे सर्वसाधारण आहे. जागा प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कोणीही शपथेवर सांगू नये.

लोकांसाठी दार एकच. आगीचे बाकीचे दरवाजे आतून उघडतील पण बाहेरून नाही, आणि प्रत्येकापाशी एक स्वयंसेवक. होतं काय, की कोणीतरी सिगरेट ओढायला जातो आणि दारात खुर्ची अडकवून ठेवतो. बाहेरची सगळी तपासणी त्या एका खुर्चीने वाया जाते. मेटल डिटेक्टरवर खर्च करण्याआधी या दारांवर माणसं उभी करा.

पिशव्यांवर बंदी घातली की रांग दुपटीने सरकते. अगदीच हव्या असतील तर स्टेडियममध्ये चालते तशी १२ बाय ६ बाय १२ इंचांची पारदर्शक पिशवी. हे निमंत्रणातच लिहायचं, दारात सांगितलं तर भांडणं होतात.

उमेदवाराचं दार वेगळं, मंचाच्या मागचं. गाडी बाहेर जायच्या दिशेने तोंड करून, ड्रायव्हर आत बसलेला. तो भाषण ऐकायला आत येतो, हे हमखास होतं. पहिली रांग आणि मंच यांत आठ-दहा फूट मोकळे. प्रश्नांसाठी माईक स्टँडवर, ठरलेल्या जागी. हातातून हाती फिरणारा माईक म्हणजे माणूस कुठूनही उठून पुढे येणार. मंचामागे काचेची भिंत नको. मोकळ्या मैदानात सभा असेल तर आजूबाजूची छपरं मोजा. पेनसिल्व्हेनियातल्या बटलरमध्ये जुलै २०२४ ला ट्रम्प यांच्या सभेत गोळीबार झाला तेव्हा तेच चुकलं: छप्पर दीडशे यार्डांच्या आत, सीक्रेट सर्व्हिसने ते स्थानिक पोलिसांवर सोडलेलं, आणि दोघांचं रेडिओवर नीट बोलणं होत नव्हतं. सीक्रेट सर्व्हिसचं हे होतं तर स्वयंसेवकांचं काय होईल? म्हणून बंदिस्त हॉल.

शेवटचं, लोक विसरतात ते: रक्तस्राव थांबवायचं किट, टूर्निके (हात-पाय आवळायचा पट्टा) आणि जखमेत भरायची पट्टी असलेलं, मंचापाशी एक आणि दारापाशी एक. वापरता येणारी दोन माणसं खोलीत असायलाच हवीत. 'स्टॉप द ब्लीड'चं शिक्षण एका बैठकीत होतं.

चिमटा
एवढं वाचून मला आता मुलांच्या स्नेहसंमेलनालासुद्धा ड्रायव्हर गाडीत बसलेला हवा.

रानवारा
अवांतर: डॅलसच्या रियुनियन अरीनात फेब्रुवारी २००८ ला ओबामांची सभा होती. सभेच्या तासभर आधी दारावरची शस्त्रतपासणी थांबवून लोकांना सरळ आत सोडलं, अशी बातमी फोर्ट वर्थच्या दैनिकात आली होती. रांग लांब आणि वेळ कमी. सुरक्षेत तडजोड नव्हती असं सीक्रेट सर्व्हिसचं म्हणणं. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींची हत्या झाली ती जागा तिथून चालत जाण्याइतकी जवळ, त्यामुळे समर्थकांच्या पोटात गोळा आला होता. रांग संपत नाही म्हणून तपासणी सोडून देणं ही नेहमीची अडचण आहे. दारं दोन तास आधी उघडा आणि क्षमतेपेक्षा कमी नावं नोंदवा.

तळटीप
पैशांचं लिहितो.

फेडरल इलेक्शन कमिशनचा (एफईसी) नियम १ जानेवारी २०२५ पासून बदलला आहे. मोहिमेचा निधी उमेदवार, तिचं कुटुंब आणि मोहिमेचे कर्मचारी यांच्या सुरक्षेवर वापरता येतो. अट अशी की धोका उमेदवारीमुळे निर्माण झालेला असावा. त्यात कॅमेरे, अलार्म, कुलपं, व्यावसायिक रक्षक आणि सायबर सुरक्षा बसते. कुंपण, दरवाजे, दिवे हेही बसतात, पण फक्त सुरक्षेसाठी असतील तर. घराची किंमत वाढवणारी सुधारणा चालत नाही. म्हणजे कुंपण चालेल, त्यासोबत नवा डेक नाही.

दोन सापळे आहेत. पहिला, बाजारभावाने पैसे द्यावे लागतात. एखादी सिक्युरिटी कंपनी 'ताईंसाठी फुकट रक्षक देतो' म्हणाली तर ती कंपनीची वस्तुरूप देणगी ठरते, आणि कॉर्पोरेशनची देणगी बेकायदा आहे. सवलतही तशीच. दुसरा, रक्षक परवानाधारकच हवा. टेक्सासमध्ये हा परवाना डीपीएस (राज्याचं सार्वजनिक सुरक्षा खातं) देतं आणि सशस्त्र रक्षकाला 'कमिशन' नावाचा वेगळा परवाना लागतो. कमरेला पिस्तूल लावून 'मी दारावर उभा राहतो' म्हणणाऱ्या उत्साही समर्थकाला प्रेमाने नाही म्हणा.

ड्युटीवर नसलेले पोलीस घेणं सगळ्यात सरळ. अर्ज त्या पोलीस खात्यामार्फत करायचा, बहुतेक ठिकाणी किमान चार तासांचं बिल लागतं. सभा दीड तासाची असली तरी बजेट चार तासांचं धरा.

माजघर
एक वेगळा मुद्दा. मिनेसोटातल्या हल्ल्यात सभा नव्हतीच. हल्लेखोर रात्री घरी, पोलिसाच्या वेशात आणि पोलिसांसारखी गाडी घेऊन आला होता. त्याच्या वह्यांमध्ये लोकांचे पत्ते शोधून देणाऱ्या वेबसाइट्सची यादी सापडली. आपण सगळे सभेच्या दारापाशी घुटमळतोय आणि घराचा पत्ता सताड उघडा.

दुर्बीण
माजघर, अगदी. उमेदवारी अर्जात राहता पत्ता द्यावाच लागतो, तो काही लपत नाही. पण बाकी गळती थांबवता येते. एफईसीच्या कागदांवर आणि वेबसाइटवर घराऐवजी मोहिमेचा पोस्ट बॉक्स. पत्ते विकणाऱ्या साइट्सवरून नाव काढायची विनंती प्रत्येक साइटला वेगळी करावी लागते आणि काही महिन्यांनी नाव पुन्हा उगवतं, म्हणून ते एका माणसाचं नेहमीचं काम ठरवा. खर्च मोहिमेच्या निधीतून करता येतो. आणि दारात गणवेशातला माणूस आला तर दार उघडण्याआधी खात्याच्या मुख्य नंबरवर फोन करून खात्री. खऱ्या पोलिसाला त्याचा राग येत नाही.

धमक्यांबद्दल: ईमेल डिलीट करू नका, फॉरवर्डही नको, हेडरसकट मूळ प्रत जपा. व्हॉइसमेल डाउनलोड करून ठेवा, काही सेवांत तो आपोआप पुसला जातो. तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कोणाला कळवलं याची एक नोंदवही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवलेली इजा करण्याची धमकी हा फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा; एफबीआयला ऑनलाइन कळवता येतं. 'तू हरशील, चालती हो' ही धमकी नव्हे. सगळंच पोलिसांकडे पाठवलं की खरी धमकी ढिगाऱ्यात हरवते.

वडाची_साल
मूळ धाग्यात आरोग्य धोरणही होतं म्हणे. कोणाला दिसलं का?

पैलतीर
मला दिसलं. विमा आकडेमोडीतला माणूस आहे, तर जरा लांब लिहीन.

निशिगंध, तुमची शंका बरोबर आहे. या दोन वेगळ्याच नव्हे तर एकमेकींना छेद देणाऱ्या गोष्टी आहेत. सिनेटर बर्नी सॅंडर्स यांच्या 'मेडिकेअर फॉर ऑल' (सर्वांसाठी मेडिकेअर) विधेयकात चार वर्षांचं संक्रमण आहे: पहिल्या वर्षी पात्रतेचं वय ५५, मग ४५, मग ३५, मग सगळे. त्यातल्या सुविधा देणारा खाजगी विमा विकायला बंदी. म्हणजे नोकरीतून मिळणारा आजचा विमा संपतो. पब्लिक ऑप्शनमध्ये तो राहतो. बाजारात एक सरकारी योजना उभी राहते आणि घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवता. एका पत्रकात दोन्ही असतील तर पहिला प्रश्न येणार: 'माझा कंपनीचा विमा राहणार का, हो की नाही?' उत्तर पहिल्या पानावर एक आणि तिसऱ्यावर दुसरं. विरोधकाला याहून जास्त काय हवं?

'मेडिकेअर' या नावातही गफलत आहे. आजच्या मूळ मेडिकेअरमध्ये पार्ट बीचा (डॉक्टर आणि बाह्यरुग्ण सेवा) २० टक्के हिस्सा रुग्णाचा, खिशातून जाणाऱ्या रकमेला वरची मर्यादा नाही, दात-डोळे-कान नाहीत. म्हणून लोक मेडिगॅप हा पूरक खाजगी विमा घेतात. विधेयकातली मेडिकेअर ही नाही, खूप जास्त उदार आहे. ६५ च्या पुढच्या श्रोत्याला हा फरक सांगितला नाही तर तो म्हणेल, 'माझ्याकडे आहे ते, त्यात काय एवढं?'

पैशांचं. २०१८ च्या एका गाजलेल्या अंदाजात दहा वर्षांत फेडरल खर्चात ३२.६ ट्रिलियन डॉलरची भर सांगितली होती. हा आकडा सभेत तोंडावर फेकला जातो. त्यावर 'खोटं आहे' म्हणू नये. तो फेडरल खर्च आहे, देशाचा एकूण आरोग्यखर्च नव्हे. २०२३ मध्ये एकूण खर्च ४.९ ट्रिलियन होता, जीडीपीच्या १७.६ टक्के. आज त्यातला मोठा वाटा पगारातून न दिसता जातो. २०२४ मध्ये कंपनीच्या कौटुंबिक विम्याचा सरासरी हप्ता २५,५७२ डॉलर होता, त्यात कर्मचाऱ्याच्या पगारपत्रकावर दिसणारे ६,२९६. उरलेलेही शेवटी त्याच्याच पगारातून. पण न दिसणारा हप्ता जाऊन दिसणारा कर आला की माणूस बिथरतो. व्हरमाँटमध्ये हेच झालं: डिसेंबर २०१४ मध्ये गव्हर्नर शमलिन यांनी सिंगल पेयर (सगळ्यांचा विमा एकट्या सरकारकडे) योजना गुंडाळली, कारण हिशेब ११.५ टक्के पेरोल टॅक्स आणि त्यावर उत्पन्नानुसार साडेनऊ टक्क्यांपर्यंत आकारणीवर गेला.

सह्यकडा
पैलतीर, मग पब्लिक ऑप्शन सोपा असं तुमचं म्हणणं?

पैलतीर
सोपा नाही, वेगळ्या ठिकाणी अडकतो. वॉशिंग्टन राज्यात २०२१ पासून कॅस्केड सिलेक्ट नावाचा पब्लिक ऑप्शन आहे. त्यात रुग्णालयं-डॉक्टरांना द्यायच्या दरांवर मेडिकेअरच्या १६० टक्क्यांची एकत्रित मर्यादा घातली. सुरुवातीला रुग्णालयं करारच करेनात. रुग्णालयाला भाग घेणं सक्तीचं नसेल तर योजना कागदावर आणि सक्तीचं केलं तर रुग्णालय लॉबी अंगावर. तेव्हा विचारायचं ते हे: रुग्णालयांना दर किती, आणि नकार द्यायची मुभा आहे का? या दोन उत्तरांशिवाय 'पब्लिक ऑप्शन' म्हणजे नुसती पाटी.

तळटीप
आणि सिनेटमधली ६० मतं: चर्चा थांबवून मतदानाला यायला तेवढी लागतात. २००९ मध्ये प्रतिनिधीगृहाने पब्लिक ऑप्शन मंजूर केला होता, सिनेटमध्ये सिनेटर लीबरमन यांच्या मतासाठी तो काढला. ५१ मतांत काम करायचं तर रिकन्सिलिएशन (अर्थसंकल्पी विधेयकांचा खास मार्ग), आणि तिथे बर्ड नियम: ज्या तरतुदीचा सरकारी जमाखर्चाशी संबंध नाममात्र, ती गळते. सबसिडी वाढवणं त्यात बसतं. विमा कंपन्यांना नियम घालणं बहुतेक वेळा बसत नाही. ४३५ पैकी एका जागेसाठी उभ्या असलेल्या उमेदवाराने पहिल्या दोन वर्षांत शक्य आहे ते वेगळं सांगावं.

पैलतीर
ते शक्य असलेलं म्हणजे सबसिडीचा कडा. मार्केटप्लेसवर (स्वतः विमा घेणाऱ्यांच्या सरकारी विमाबाजारात) हप्त्यासाठी मिळणाऱ्या, २०२१ मध्ये वाढवलेल्या सवलतींची मुदत २०२५ अखेरपर्यंतच होती. २०२६ पासून पुन्हा दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांची रेष: एकट्याला ६२,६०० डॉलर, चौघांच्या कुटुंबाला १,२८,६००. रेषेच्या वर एक डॉलर गेला की सबसिडी शून्य. साठीच्या आसपासच्या, मेडिकेअरला अजून न पोहोचलेल्या लोकांना सगळ्यात जास्त फटका, कारण वयानुसार हप्ता तरुणाच्या तिप्पट असू शकतो. शिवाय जास्त घेतलेली आगाऊ सबसिडी परत करण्यावरची मर्यादा २०२६ च्या करवर्षापासून गेली. आधी थोडीच परत द्यावी लागायची, आता सगळी. रेषेजवळ असाल तर पारंपरिक आयआरए (निवृत्ती खातं) किंवा एचएसएमध्ये (आरोग्य बचत खातं) पैसे टाकून उत्पन्न खाली आणता येतं. ब्रॉन्झ योजनाही (मार्केटप्लेसवरचा खालचा स्तर, त्याच्या वर सिल्व्हर, मग गोल्ड) २०२६ पासून एचएसएला चालतात.

टेक्सासची खास गोष्ट: २०२१ च्या राज्य कायद्यानंतर सिल्व्हरच्या हप्त्यात कमी उत्पन्नवाल्यांना दिलेल्या खर्चसवलतींचा भार पूर्ण धरला जातो, म्हणून २०२३ पासून कित्येक ठिकाणी गोल्ड योजना सिल्व्हरपेक्षा स्वस्त. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दुपटीपेक्षा जास्त असेल तर आधी गोल्ड बघा. सभेला आलेल्या माणसाच्या हातात एवढी एक गोष्ट जरी पडली तरी तो पुढच्या सभेला येतो.

आणि खालच्या टोकाला मेडिकेडची (गरिबांचा सरकारी विमा) दरी. टेक्सासने ओबामांच्या कायद्यातला मेडिकेडचा विस्तार केलेला नाही. दारिद्र्यरेषेखालच्या, मूल नसलेल्या निरोगी प्रौढाला मेडिकेडही नाही आणि १५,६५० डॉलरच्या खाली सबसिडीही नाही. गरीब असल्यामुळे मदत मिळत नाही, हे ऐकून लोकांना आपली ऐकण्यात चूक झाली असं वाटतं.

माजघर
ग्रीनकार्डवर आलेल्या पासष्टीच्या आई-वडिलांचं काय? सभेत आपल्याकडचे लोक पहिलं हेच विचारणार.

पैलतीर
पाच वर्षं सलग वास्तव्य झाल्याशिवाय मेडिकेअर नाही. त्यानंतरही इथे काम केलेलं नसेल तर पार्ट एचा (रुग्णालयाचा भाग) हप्ता भरून. तोवर मार्केटप्लेस: ग्रीनकार्ड मिळाल्यापासून ६० दिवसांत अर्ज. उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असलेल्या अशा नवागतांना पूर्वी सबसिडी मिळायची, ती २०२६ पासून बंद. मुलाने कर भरताना त्यांना अवलंबित दाखवलं तर मुलाच्या घरचं उत्पन्न धरलं जातं, हे लक्षात ठेवा. एच-१बीवाल्यांची सबसिडी २०२७ पासून बंद होतेय. व्हिजिटर व्हिसावर मार्केटप्लेस नाही.

चिमटा
एच-१बीवाला देणगी देऊ शकतो का? मित्रासाठी विचारतोय.

तळटीप
मित्राला सांगा, नाही. नागरिक आणि ग्रीनकार्डधारकच. मर्यादा प्रत्येक निवडणुकीला ३,५०० डॉलर. मोबदला न घेता स्वयंसेवा चालते: फोन करणं, खुर्च्या लावणं. पण मोहिमेचा पैसा कुठे खर्च करायचा या निर्णयात भाग घ्यायचा नाही. मतदान फक्त नागरिकांचं, त्यात चूक झाली तर थेट देश सोडायची वेळ येते.

रानवारा
म्हणजे आगीच्या दाराशी उभं राहायला चालेल. चिमटा, तुझी ड्युटी ठरली.

निशिगंध
सगळ्यांचे आभार. झूमचा आग्रह सोडते, पण अर्धाच. टीमसमोर मांडायला असं लिहिलंय, चूक असेल तर सांगा:

मोकळ्या मैदानात सभा नाही. खाजगी मालकीचा हॉल, मालकाची लेखी संमती, तिन्ही पाट्या. नावनोंदणी सक्तीची, पत्ता आदल्या संध्याकाळी ईमेलने. ड्युटीवर नसलेले दोन पोलीस, चार तास. पत्रकातून 'सर्वांसाठी मेडिकेअर' काढून पहिल्या पानावर सबसिडीची रेष आणि मेडिकेड विस्तार, पब्लिक ऑप्शन दुसऱ्यावर, दराच्या आकड्यासह. महिन्यातून एक प्रत्यक्ष सभा, बाकी झूम.

सह्यकडा
सुरक्षेचं ठीक. पत्रकातून ध्येयच काढून टाकणं मला पटत नाही. तिच्या प्रायमरीच्या मतदारांनी ते वाचून मत दिलंय. 'शेवटी जायचंय तिकडे, या दोन वर्षांत एवढं' असं क्रमाने लिहा. नाहीतर पुढच्या सभेत तिचेच समर्थक माईकपाशी उभे राहतील.

पैलतीर
सह्यकडांशी सहमत, पण एका अटीवर. कंपनीच्या विम्याचं काय होणार, याचं एक वाक्य त्या क्रमात हवंच.

दुर्बीण
दोन दुरुस्त्या. पत्ता आदल्या संध्याकाळी पाठवणार असाल तर नोंदणीच्या फॉर्ममध्ये चाकाची खुर्ची किंवा दुभाषा लागेल का ते आधीच विचारा, नंतर वेळ उरत नाही. आणि दोन पोलीस पुरत नाहीत: एक लोकांच्या दाराशी आणि एक मंचाजवळ राहिला की गाडीपाशी कोणी नाही. हल्ल्याला सगळ्यात सोपी वेळ सभा संपल्यानंतरची, पार्किंगमधली. तिथे उमेदवार सेल्फीसाठी थांबते. सेल्फी हॉलच्या आत, रांगेत, आणि मग मागच्या दाराने सरळ गाडीत. तिसरा पोलीस तिथे.

निशिगंध
तीन केले. सेल्फीची रांग आत. पत्रकाचं वाक्य उद्या टाकते, बघून सांगा.